आधी एडिटरला मेल, नोटीस नंतर

मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात सव्वा वर्ष रिसर्च असिस्टंट, वॉर्डात फिरून डेटा गोळा केलात, अ‍ॅनालिसिस केलंत, रिझल्ट्सचा भाग लिहिलात, आणि पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर कळलं की नाव नुसतं आभारात. अशी पत्रं बरीच येतात आणि प्रत्येकाला सरांना नोटीसच पाठवायची असते.

नोटीस राहू दे. पेपर अजून ऑनलाइन आलेला नाही, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, पण सगळं तिथेच अडकलंय. छापण्याआधी ऑथरशिपचा वाद लेखी पोचला तर कोप या जर्नल एडिटर्सना नीतिनियम घालून देणाऱ्या संस्थेचे नियम पाळणारं जर्नल वाद मिटेपर्यंत पेपर थांबवतं. एकदा छापून आला की एडिटर म्हणणार, तुमच्या संस्थेत मिटवा, आणि संस्थेत म्हणजे कोणासमोर, तर सरांच्याच सहकाऱ्यांसमोर. पाच आठवडे कळून बसलात कशाला? "सर बघतील" म्हणून? आज मेल करा, सरांना सीसी ठेवून.

सर म्हणतात तुम्ही फायनल ड्राफ्ट वाचलाच नाही म्हणून ऑथर नाही. वाचायला दिलाच कुठे! मेडिकल जर्नल्स मानतात त्या आयसीएमजेई या मेडिकल एडिटर्सच्या समितीच्या, ऑथर कोणाला म्हणायचं याच्या ४ अटींत फायनल मंजुरी आहे खरी, पण त्यातच लिहिलंय की वाचायची संधी नाकारून कोणाला ऑथरशिपमधून बाद करायचं नाही. हे वाक्य मेलमध्ये घाला.

कोर्टाचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७, लेखक म्हणून नाव मागायचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी लेखकाकडेच राहतो, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटरमधल्या "सर्व काम संस्थेचं" या ओळीला एवढं घाबरू नका. पण तो हक्क तुम्ही लिहिलेल्या मजकुरापुरता, वॉर्डातल्या मेहनतीला कॉपीराइट नाही. तुमचे किती परिच्छेद तसेच राहिलेत ते ड्राफ्ट पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि मुंबईत दावा लावून निकालाची वाट बघायची तर तोवर तुमची पीएचडी होऊन जाईल.

रिझल्ट्सचा ड्राफ्ट कॉलेजच्या आयडीवरून पाठवलेला ना? तो आयडी बंद व्हायच्या आत सगळे मेल तारखांसकट उतरवून घ्या, व्हॉट्सॅप चॅट डिलीट करू नका आणि फोन विकू नका.