आल्सफेल्ड बघायला जाणार असशील तर

जर्मनीच्या हेसे राज्यातलं आल्सफेल्ड बघायला निघालास ना, मग चौकात फोटो काढून लगेच परत फिरू नकोस. आधी राटहाउसचा, म्हणजे नगरसभेच्या इमारतीचा, तळमजला नीट बघ. १५१२ ते १५१६ मधलं हे बांधकाम. खाली दगडी कमानींत बाजार भरायचा, वर लाकडी सांगाड्याच्या मजल्यांवर कारभार चालायचा. गावाचा सगळा स्वभाव तिथेच कळतो. १८७८ मध्ये नगर परिषदेने ही इमारत पाडायचंच ठरवलं होतं! सुदैवाने वाचली. १९७५ मध्ये तर वारसा जपणारं आदर्श शहर म्हणून युरोपभर आल्सफेल्डचं नाव झालं. शेजारचं १५३८ चं वाइनहाउसही बघ. मग मागच्या गल्ल्यांत शिर. साध्या माणसांची जुनी घरं तिथे आहेत, आणि मला तीच जास्त आवडतात.