काशीत आई-वडिलांसाठी घाटाजवळचं हॉटेल आधी पैसे भरून बुक करावं का?

सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना काशीला नेताय आणि 'दशाश्वमेध घाटापासून दोन मिनिटांवर' असं लिहिलेली खोली सगळे पैसे भरून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच केलं होतं, म्हणून कळकळीने सांगतो, फोनवर नीट बोलल्याशिवाय पैसे भरू नका.

घाट दोन मिनिटांवर होता, ते खोटं नव्हतं. पण आम्हाला घाटावरून नाही, स्टेशनवरून यायचं होतं. महानगरी एक्सप्रेसने पहाटे वाराणसी कॅन्टला उतरलो. रिक्षावाल्याने गोदौलियाला सोडलं, पुढे गाडी जात नाही म्हणाला. तिथून पुढे सगळ्या गल्ल्या. समोरून माणूस आला की एकाने भिंतीला टेकायचं, मध्येच एखादा बैल उभा. दोन बॅगा माझ्याकडे, बाबांच्या हातात काठी, आणि आईचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. हॉटेलात पोचलो तर चेक-इन दुपारी बाराला. आत्ता खोली हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. एवढा साधा प्रश्न मी बुकिंग करताना विचारला नव्हता, ही माझी चूक.

जादा पैसे देऊन खोली घेतली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. 'गंगा दर्शन' म्हणून घेतलेल्या त्या खोलीची खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत, शेवाळलेली, आणि तिच्यावरून टाकीचं पाणी झिरपत होतं. गंगा गच्चीवरून दिसते म्हणे, आणि गच्चीला लोखंडी शिडी. फोटोत कमोड होता, आमच्या वाट्याला भारतीय पद्धतीचा संडास आला. बाबांना खाली बसता येत नाही. ते काही बोलले नाहीत, पण दिवसभर त्यांनी पाणी पिणं कमी केलं होतं, हे मला रात्री कळलं. आजही आठवलं की पोटात तुटतं.

आईने गंगाजलासाठी घरून पितळेचा गडू आणला होता, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. त्या दिवशी तो पिशवीतून बाहेरच निघाला नाही. एकदा वर चढल्यावर खाली उतरायची तिची हिंमत होईना. संध्याकाळी आरतीच्या घंटा खोलीत ऐकू येत होत्या आणि ती पलंगावर हात जोडून बसली होती. पैशांचं मला तेवढं वाटत नाही, पण तिचा काशीतला एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या तीर्थोपाध्याय गुरुजींना, म्हणजे काशीतल्या आमच्या पुरोहितांना, सांगितलं. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या बाजूला पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, त्यामुळे आपल्या माणसांची अडचण त्यांना फोड करून सांगावी लागत नाही. त्यांनी अस्सी घाटाच्या बाजूला तळमजल्याची खोली बघून दिली. साधीच, पण कमोड होता आणि रिक्षा जवळपास दारापर्यंत आली. अस्सीवरून नावेने दशाश्वमेधला गेलो, आरती नावेतूनच पाहिली, गडू भरला. विश्वनाथ धामात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. १७८० मध्ये त्यांनी मंदिर पुन्हा उभारलं, हे आईला शाळेपासून पाठ. तिथे ती बराच वेळ उभी होती, गुडघे विसरून.

पैशांचं म्हणाल तर हॉटेल म्हणे ॲपवाल्यांना विचारा, ॲपवाले म्हणे हॉटेलला. मी खोलीचे आणि जाहिरातीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत आले. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या फोटो काढले होते ते कामी आलं.

तेव्हा हॉटेलला स्वतः फोन करा. रिक्षा नेमकी कुठे थांबते आणि तिथून किती पायऱ्या, हे आधी विचारा. 'जवळच आहे' या उत्तरावर थांबू नका. खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का, कमोड त्याच खोलीत आहे का, पहाटे पोचलो तर काय, हे सगळं लेखी मेसेजवर मागा. तळमजल्याची खोली मिळत असेल तर गंगा दिसण्याचा मोह सोडा. पैसे एकाच रात्रीचे भरा.

कोणत्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाहीत. पावसाळ्यात पाणी चढलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही आणि नावाही बंद ठेवतात, तेव्हा अस्सीचा माझा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला खोल्यांचे भाव भलतेच चढतात. महिना कळवा, त्याप्रमाणे कुठे उतरायचं ते सांगतो.