"तो काही करत नाही हो" हे त्या काकांना कसं कळणार?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे:

"ताई, आमचा कुत्रा बंडू तीन वर्षांचा, दत्तक घेतलेला, घरात अगदी गरीब. गेल्या आठवड्यात सकाळी रस्ता रिकामा दिसला म्हणून मी पट्टा काढला आणि तेवढ्यात समोरून एक काका धावत आले, रोज येतात ते. बंडू भुंकत त्यांच्या अंगावर गेला. चावला नाही, पण काका दचकून पडले, गुडघा आणि कोपर सोलवटलं. मी तिकडून 'तो काही करत नाही हो' असं ओरडत राहिले आणि ते माझ्यावर खूप चिडले. तेव्हापासून मी त्याला रात्री अकरानंतर फिरवते. नवरा म्हणतो चूक त्यांची, कुत्रा दिसल्यावर थांबायचं ना. सासूबाई म्हणतात देऊन टाका. मला रात्री झोप लागत नाही. — बंडूची आई"

अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी ते काकाच डोळ्यासमोर आले, तू नाही, राग मानू नकोस. बंडू काही करत नाही हे तुला त्याच्याबरोबर राहून कळलंय. काकांकडे तेवढा वेळ होता का? त्यांना काय दिसलं तर उघडा जबडा, भुंकणं आणि वेगात जवळ येणारं एक जनावर, बस. दात लागले नाहीत म्हणून काही झालं नाही असं आपण म्हणतो, पण माणूस पडला, त्याला लागलं, आणि आता कितीतरी दिवस त्या वळणावर त्याची छाती धडधडणार, म्हणजे झालंच ना काहीतरी.

आणि सायकलवाला असता तर? मी स्वतः बरीच वर्षं सायकल चालवते आणि माझ्याकडे अकरा वर्षं कुत्रा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंचं मला कळतं. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाला सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे कुत्रा दिसून ब्रेक दाबेपर्यंत ती त्याच्यापाशी पोचलेली असते. पुढच्या चाकात कुत्रा आला की माणूस हँडलवरून फेकला जातो आणि कुत्र्याचंही काही खरं नसतं. माझ्यासमोर एकदा असाच एक कुत्रा आला, मी हँडल वळवलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पडले, मागून गाडी येत नव्हती हे नशीब. त्याची मालकीणही हेच म्हणाली होती, काही करत नाही तो.

नवऱ्याशी भांडू नकोस, पण एवढं सांग की धावणाऱ्याने वेग कमी केला तर बरंच, ते काही त्याचं बंधन नाही. जनावर रस्त्यावर आपण आणलंय, पट्टा आपण काढला.

आता बंडू असं का करतो. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे, गुरं-मेंढ्या हाकणाऱ्या जातींमध्ये तर माणसाने ते मुद्दाम जोपासलंय. पण काही कुत्रे भीतीनेही अंगावर जातात. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं ते त्याला पुढे नॉर्मल वाटतं, आणि त्या दिवसांत धावणारी माणसं, सायकली बघितल्याच नसतील तर मोठेपणी त्यांची धास्ती वाटू शकते. बंडू दत्तक आलाय, त्याचं लहानपण कसं गेलं ते तुला कदाचित माहीत नसेल. तू नीट बघ, भुंकताना अंग पुढे झुकलेलं असतं की भुंकतो आणि मागे सरकतो, शेपूट पायात जाते का, भुंकायच्या आधी एकदम ताठ होऊन टक लावून बघतो का. आणि शेपूट हलतेय म्हणजे खुशीतच आहे असं धरून चालू नकोस, ताठ उंच शेपूटसुद्धा हलते.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धावणारा माणूस तर निघूनच जाणार असतो, पण बंडूच्या डोक्यात काय बसतं, तर मी भुंकलो आणि तो पळाला! दर वेळी त्याचाच विजय. म्हणून हे आपोआप सुटत नाही, उलट वाढत जातं, आणि म्हणून आजपासून पट्टा काढायचा नाही म्हणजे नाही, रस्ता कितीही रिकामा दिसू दे.

पट्टा साधा घे, दीड-दोन मीटरचा. तो डबीतून लांबत जाणारा दोरीवाला रस्त्यावर नको, कुत्रा एका कडेला आणि तू दुसऱ्या कडेला असलीस तर मधली बारीक दोरी सायकलवाल्याला दिसतच नाही. ओढत असेल तर छातीवर हुक असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाला बांधायचा पट्टा, घे. शॉकवाला किंवा गळा आवळणारा पट्टा कोणी कितीही सुचवला तरी नको, कारण माणूस दिसला की दुखतं एवढंच तो त्यातून शिकतो आणि ज्याची भीती होती त्याची अजूनच वाटायला लागते. गुरगुरल्यावर ओरडूही नकोस, गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती दाबली तर एक दिवस सूचना न देता चावेल.

रात्री अकराचं म्हणशील तर थोडे दिवस ठीक आहे, तेवढीच भुंकायची प्रॅक्टिस थांबते. पण त्यात तो शिकत काहीच नाही, आणि अंधारात अचानक कोणी धावत आलं तर अजून दचकेल. दिवसा एखादी मोकळी जागा शोध जिथून धावणारी माणसं लांबवर दिसतात, आणि इतक्या लांब उभी राहा की बंडू त्यांना बघतो पण भुंकत नाही. माणूस दिसला की लगेच त्याच्या सगळ्यात आवडीच्या खाऊचे छोटे तुकडे एकामागून एक, माणूस दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस मग खाऊ, उलटं केलंस तर तो खाऊची पिशवी बघूनच सावध होईल. बस, उठ काही सांगायचं नाही, फक्त त्याच्या मनात धावणारा माणूस म्हणजे चांगलं काहीतरी हे जुळू द्यायचं. खाऊ तोंडात घेत नसेल किंवा हिसकावून घेत असेल तर तू फार जवळ आलीयेस, मागे हो. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. दोन पावलं पुढे, कधी चार मागे असं चालेल, आठवडे लागतील, कदाचित महिने. सायकल नंतर, आधी पायी धावणारेच. आणि एखाद्या दिवशी फटाफट तीन-चार गोष्टींनी तो बिथरला तर त्या दिवशी प्रॅक्टिस नको, घरी खेळा.

एकदा व्हेटकडेही ने, कुठे दुखत असलं की कुत्रे जास्त चिडचिडे होतात. मझलची, म्हणजे तोंडावर बांधायच्या मुसक्याची, लाज वाटू देऊ नकोस, फक्त जाळीचा घे ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, आणि घरी हळूहळू सवय लावून मगच बाहेर वापर.

समोरून कोणी येताना दिसलं की कडेला हो, बंडू तुझ्या पलीकडच्या बाजूला, पट्टा हातात आखूड पण ताणलेला नाही, आणि फिरवताना फोन खिशात. धावणारे-सायकलवाले हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, मागून येताना लांबूनच बेल वाजवा किंवा आवाज द्या, अगदी कानाशी येऊन नको. कुत्रा अंगावर आलाच तर पळू नका, थांबा, हात अंगाजवळ ठेवा, त्याच्या डोळ्यात रोखून बघू नका, आणि सायकल असेल तर उतरून ती मध्ये धरा.

एक गोष्ट मात्र तातडीची. काकांना विचार की दात किंवा नख कुठे लागलं का, कारण पडून सोलवटलेल्या जखमेत बारीक ओरखडा कळत नाही. जरा जरी शंका असेल तर त्यांनी आजच डॉक्टरकडे जायला हवं, थांबायचं नाही. खरं तर अशी जखम तेव्हाच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची असते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून इथे भिडस्तपणा नको. बंडूची लस वेळेवर झालीये का ते कार्डावर बघ आणि ते कार्ड बरोबर ने.

बरोबर ने म्हणजे हो, तुला त्यांच्याकडे जायचंय. बंडूला न घेता, आणि नवरा वाद घालणार असेल तर त्यालाही न घेता. "काका, पट्टा मी काढला होता, चूक माझी आहे, तुम्हाला लागलं, डॉक्टरचा खर्च मी देते" एवढंच म्हण. पुढे "पण" जोडू नकोस, बंडू घरात किती गरीब आहे तेही सांगू नकोस. ते कदाचित अजून दोन शब्द बोलतील, ऐकून घे. त्यांची धावायची वेळ विचार आणि तेवढा वेळ तो रस्ता त्यांच्यासाठी मोकळा सोड, तुझी वेळ तू बदल. मला वाटतं तुझी झोप त्या रस्त्यावरच अडकलीये, तिथे माफी मागायची राहून गेलीये म्हणून.

सासूबाईंना सांग की देऊन टाकला तर बंडू दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्यावर हेच करेल, फक्त तो आपल्याला दिसणार नाही. दोन-तीन महिने मनापासून करूनही काहीच फरक पडला नाही, किंवा तो चावायला लागला, तर मारझोड न करणारा चांगला ट्रेनर गाठ आणि व्हेटला बरोबर घेऊन पुढचं ठरवा, एकटी ठरवू नकोस.

आणि एक छोटी वही कर. धावणारा माणूस किती पावलांवर असेपर्यंत बंडू शांत राहतो ते रोज लिहून ठेव. पहिला आकडा मोठा असेल, पन्नास, साठ, घाबरू नकोस. पुढच्या पत्रात मला पहिल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा असे दोन्ही आकडे कळव, आणि काका काय म्हणाले तेही.