ट्रॉयचं युद्ध खरंच एका सफरचंदावरून झालं का?

तुम्ही विचारलंय की, लहानपणी वाचलेल्या गोष्टीत तीन देवी सोन्याच्या एका सफरचंदावरून भांडतात, एक राजपुत्र निवाडा करतो आणि त्यातून दहा वर्षांचं युद्ध पेटतं. एवढ्याशा कारणापायी एवढी माणसं मेली हे ग्रीकांना तरी पटत होतं का?

पटत नसावं, असं मला वाटतं. कारण त्यांनीच या युद्धामागे एकामागे एक अशी चार-पाच कारणं उभी केली आहेत. सफरचंद त्यातलं सगळ्यांत पुढे दिसणारं. मी बरीच वर्षं ही काव्यं आणि नाटकं भाषांतरांतून वाचत आलोय. जितकं मागे जावं तितकी ही कथा काळीज जड करते.

आधी एक अडचण सांगतो. होमरच्या ‘इलियड’मध्ये युद्धाची सुरुवात नाही. ते काव्य सुरू होतं तेव्हा युद्धाला नऊ वर्षं होऊन गेलेली असतात आणि त्यात घडतात ते दिवस जेमतेम पन्नास-एक. तीन देवींच्या निवाड्याचा उल्लेख त्यात अगदी शेवटी, चोविसाव्या सर्गात येतो, तोही चार-सहा ओळींत आणि जाता जाता. सुरुवातीची कथा ‘किप्रिया’ नावाच्या दुसऱ्या महाकाव्यात होती. ते काव्य हरवलं. उरले ते इतरांनी उद्धृत केलेले थोडे तुकडे आणि प्रोक्लस नावाच्या माणसाने केलेला गोषवारा. गंमत म्हणजे त्या गोषवाऱ्यात सफरचंद नाहीच. थेटिस या समुद्रकन्येच्या लग्नात कलहाची देवी एरिस येते आणि सर्वांत सुंदर कोण यावरून तिघींत भांडण लावते, एवढंच आहे. सोन्याचं फळ, त्यावर कोरलेले शब्द, हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः रोमन काळातल्या लेखकांकडून.

पण ‘किप्रिया’च्या उरलेल्या तुकड्यांत सात ओळी अशा आहेत की त्या वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो होतो. त्यांचा आशय असा: एके काळी माणसांच्या असंख्य टोळ्या पृथ्वीच्या पाठीवर भटकत होत्या आणि त्यांच्या भाराने ती दबून गेली होती. देवांचा राजा झ्यूस याने ते पाहिलं, त्याला दया आली, आणि माणसांचं ओझं मृत्यूने हलकं करावं म्हणून त्याने ट्रॉयच्या युद्धाची ठिणगी टाकली. वीर ट्रॉयमध्ये पडत राहिले आणि झ्यूसचा बेत तडीस जात राहिला.

हे वाचून तुम्हालाही तेच आठवलं असेल जे मला आठवलं. भूभारहरण. आमच्या गावच्या देवळात कीर्तनकार बुवा ‘भूमीचा भार उतरावया’ म्हणत आणि आम्ही पोरं त्याचा अर्थ दुष्टांचा नाश एवढाच घ्यायचो. महाभारताच्या आदिपर्वात भाराने गांजलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते आणि मग देव अंशरूपाने खाली उतरतात. स्त्रीपर्वात तर युद्ध संपल्यावर, शंभर मुलगे गमावलेल्या धृतराष्ट्राला व्यास सांगतात की देवांच्या सभेत विष्णूने पृथ्वीला शब्द दिला होता, तुझं काम दुर्योधन करील. एका बापाला सांत्वन म्हणून हे सांगितलं जातं. मला ते नेहमीच फार कठोर वाटत आलंय. ग्रीक आणि भारतीय कथांमधलं हे साम्य अभ्यासकांनीही नोंदवलेलं आहे. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मी पडत नाही, पण आपल्याकडच्या वाचकाला ट्रॉयच्या मुळाशी शिरायचं असेल तर याच्यापेक्षा जवळची वाट नाही.

त्या सात ओळी टिकल्या कुठे, तर ‘इलियड’च्या पाचव्या ओळीवरच्या जुन्या टीपेत. त्या ओळीत होमर म्हणतो की झ्यूसचा बेत पुरा होत होता. कुठला बेत, असं जुन्या वाचकांनीही विचारलं आणि टीपकाराने उत्तर देताना एक कथाही दिली. पृथ्वीने झ्यूसकडे गाऱ्हाणं नेलं. त्याने आधी थीब्ज या ग्रीक शहराचं युद्ध घडवून पुष्कळांना संपवलं. पुढे तो विजेने किंवा महापुराने सगळ्यांना मारणार होता, पण मोमस नावाच्या देवाने त्याला अडवलं. हा मोमस म्हणजे दोष काढणारा, खोड काढणारा. त्याने सल्ला दिला की दोन गोष्टी कर: थेटिसचं लग्न मर्त्य माणसाशी लाव आणि एका अतिसुंदर मुलीला जन्म दे. बाकीचं माणसं आपणहून करतील. (हे शेवटचं वाक्य माझं, पण सल्ल्याचा अर्थ तोच आहे.)

थेटिसच्या लग्नातून अकिलीस जन्मला, ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा. ती सुंदर मुलगी हेलन. म्हणजे ज्या लग्नात एरिस भांडण लावते, ते लग्नच मुळात युद्धासाठी ठरवलेलं.

थेटिसची बाजू कोणी सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. ती समुद्रकन्या. झ्यूस आणि समुद्राचा देव पोसायडन दोघांनाही ती हवी होती. पिंडार या कवीने सांगितलंय की थेमिस या देवीने तेव्हा भविष्य उघड केलं: थेटिसला होणारा मुलगा बापापेक्षा बलवान निघेल. झ्यूसच्या घराण्यात हे भविष्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याच्या बापाने, क्रोनसने, स्वतःच्या बापाला पदच्युत केलं होतं आणि झ्यूसने क्रोनसला. दोन पिढ्या हेच झालेलं. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून दोघांनी हात मागे घेतले आणि थेटिसला पेलियस नावाच्या माणसाच्या गळ्यात बांधलं. बापापेक्षा बलवान मुलगा झाला तरी बाप माणूसच, मग देवांच्या सिंहासनाला धक्का कसला? तिला मन नव्हतं. ती आग झाली, पाणी झाली, सिंह झाली, साप झाली, पण पेलियसने मिठी सोडली नाही. आणि त्या मिठीतून झालेला मुलगा मर्त्य निघाला. ‘इलियड’मध्ये ती स्वतःच सांगते की इतर सागरकन्यांमधून झ्यूसने मलाच एका माणसाच्या स्वाधीन केलं, माझ्या इच्छेविरुद्ध. देवांच्या राजाचं आसन टिकावं म्हणून एका आईने जन्मभर मुलाच्या मरणाची वाट पाहिली. सफरचंदाच्या गोष्टीत हे सगळं गळून जातं.

पेलियॉन पर्वतावर लग्न झालं, देव जेवायला आले, एरिसला आमंत्रण नव्हतं. हेरा, अथीना आणि अ‍ॅफ्रोडाइटी यांच्यात वाद पेटला आणि झ्यूसने निवाडा स्वतः न करता देवांचा दूत हर्मीस याच्याबरोबर तिघींना ट्रॉयजवळच्या इडा पर्वतावर पाठवलं. तिथे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस गुरं राखत होता. हा राजपुत्र गुराखी कसा? तो पोटात असताना त्याच्या आईला, हेक्युबाला, स्वप्न पडलं की आपण पेटती मशाल प्रसवतोय आणि तिने सगळं शहर जळतंय. म्हणून जन्मताच त्याला डोंगरावर टाकून दिलं. अस्वलीने दूध पाजलं, गुराख्याने वाढवलं. त्याच्यापुढे तिघींनी आपापली लाच ठेवली: हेराने राज्य, अथीनाने युद्धातला विजय, अ‍ॅफ्रोडाइटीने हेलन. त्याने अ‍ॅफ्रोडाइटीला निवडलं आणि पुढे हेलनला ट्रॉयला नेलं.

हेलन मात्र त्याआधीच दुसऱ्याची, मेनेलॉसची, बायको होती, आणि तिच्या लग्नातच युद्धाची सामग्री भरून ठेवलेली होती. तिच्या जन्माच्या दोन कथा आहेत. प्रसिद्ध कथेत झ्यूस हंसाच्या रूपात स्पार्टाच्या राणीकडे, लीडाकडे, येतो. ‘किप्रिया’मध्ये तिची आई नेमेसिस आहे, म्हणजे मर्यादा ओलांडणाऱ्याला शिक्षा देणारी देवी. तीही थेटिससारखीच रूपं बदलत झ्यूसपासून पळते, समुद्रात मासा होते, जमिनीवर जनावरं होते, आणि तरी सुटत नाही. मला ही दुसरी कथा जास्त खरी वाटते. युद्धाच्या मुळाशी असलेली दोन्ही मुलं, अकिलीस आणि हेलन, पळणाऱ्या आणि पकडल्या गेलेल्या आयांची आहेत.

हेलनला मागणी घालायला ग्रीसभरचे राजे स्पार्टात जमले. एकाला दिली तर बाकीचे उठतील या भीतीने लीडाचा नवरा, स्पार्टाचा राजा टिंडेरियस याची झोप उडाली. तेव्हा जमलेल्यांपैकीच एक, ओडिसियस, याने तोड काढली: आधी सगळ्यांकडून शपथ घ्या की निवडलेल्या नवऱ्यावर या लग्नापायी कोणी अन्याय केला तर सगळे त्याच्या मदतीला धावतील. बदल्यात त्याला टिंडेरियसची पुतणी पेनेलपी मिळाली. घोड्याचा बळी देऊन, त्याच्या तुकड्यांवर उभं राहून ही शपथ घेतली गेली. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी स्पार्टाजवळून गेला, तेव्हा लोक त्याला ‘घोड्याची समाधी’ म्हणून ती जागा दाखवत होते. भांडण टळावं म्हणून घेतलेल्या या शपथेनेच ग्रीसमधल्या सगळ्या राजांना एका माणसाच्या घरगुती दुःखात ओढलं. ओडिसियसही सुटला नाही. बोलावणं आलं तेव्हा त्याने वेडाचं सोंग घेतलं. एका कथेप्रमाणे तो औताला बैल आणि घोडा एकत्र जुंपून नांगरत सुटला. त्याला न्यायला आलेल्या पॅलॅमिडीसने त्याचं तान्हं बाळ नांगरापुढे ठेवलं, तसं त्याचं शहाणपण उघडं पडलं.

हेलन गेली ती पाहुण्याबरोबर, हे ग्रीकांना फार लागलं होतं. पॅरिसने नऊ दिवस मेनेलॉसचा पाहुणचार घेतला. दहाव्या दिवशी मेनेलॉस आजोबांच्या अंत्यविधीला क्रीटला गेला आणि मागे हे घडलं. पाहुण्यांचा रखवाला खुद्द झ्यूस. जेवलेल्या ताटाशी बेइमानी झाली होती, आणि ग्रीक सैन्याला आपली बाजू न्यायाची वाटत होती ती यामुळे.

ट्रॉयच्या खात्यावरही जुनं देणं होतं. पॅरिसचा बाप ट्रॉयचा राजा प्रायम, आणि प्रायमचा बाप लाओमेडॉन. याच्यासाठी पोसायडनने शहराची तटबंदी बांधली आणि अपोलोने त्याची गुरं राखली, वर्षभर, ठरलेल्या मजुरीवर. वर्ष संपल्यावर त्याने मजुरी बुडवली. वर हातपाय बांधून परक्या बेटांवर विकीन, कान कापीन, अशी धमकी दिली. ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात पोसायडन हे अपोलोला आठवून देतो आणि विचारतो की असं असूनही तू यांच्या बाजूने कसा लढतोस? नंतर लाओमेडॉनने हेराक्लीस या महाबली वीरालाही फसवलं. समुद्रातल्या राक्षसापासून मुलगी वाचवल्याबद्दल कबूल केलेले घोडे त्याने दिले नाहीत. हेराक्लीस सहा जहाजं घेऊन आला आणि शहर लुटून गेला. म्हणजे ट्रॉय एकदा पडलेलंच होतं, पॅरिसच्या जन्माआधी.

आता तुमच्या प्रश्नातलं ‘पटत होतं का’. याचं सर्वांत धीट उत्तर स्टेसिकोरस या कवीचं. त्याने हेलनची निंदा केली, त्याची दृष्टी गेली, आणि मग त्याने माघार घेणारी कविता रचली: ती गोष्ट खरी नाही, तू त्या जहाजांत बसलीच नाहीस, ट्रॉयला गेलीच नाहीस. ट्रॉयला गेली ती तिची छायाकृती. इ. स. पू. 412 मध्ये युरिपिडीसने यावरच नाटक रंगभूमीवर आणलं. खरी हेलन इजिप्तमध्ये आणि दहा वर्षं माणसं मेली ती हवेच्या बाहुलीसाठी. त्याच्या आदल्याच वर्षी अथेन्सने सिसिलीच्या स्वारीत आपलं आरमार आणि सैन्य गमावलं होतं. प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचं माणूस परतलं नव्हतं. त्या लोकांनी ते नाटक कसं पाहिलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

इतिहासकार हिरोडोटसनेही इजिप्तमधल्या मेम्फिसच्या पुजाऱ्यांकडून हेलन इजिप्तमध्येच होती असं ऐकलं आणि त्याला ते पटलं. त्याचा तर्क सरळ होता. हेलन ट्रॉयमध्ये असती तर पॅरिसची इच्छा असो वा नसो, ती परत दिली असती. एका मुलाच्या हट्टापायी पोटची बाकीची मुलं मरू देण्याइतका प्रायम वेडा नव्हता.

आणि तरी होमरने हेलनला ट्रॉयमध्येच ठेवलं, तटावर उभं केलं. तिसऱ्या सर्गात खाली दोन्ही सैन्यं थांबलेली असतात आणि म्हातारा प्रायम तिला जवळ बोलावतो. ये पोरी, इथे माझ्यासमोर बस, तुझा पहिला नवरा आणि तुझी माणसं तुला दिसतील. मी तुला दोष देत नाही, तो म्हणतो, दोष देवांचा आहे. मग तो तिला खालच्या एकेका योद्ध्याकडे बोट दाखवून विचारत जातो, हा कोण, तो कोण, आणि ती सांगत जाते. शेवटी तिची नजर आपल्या दोन भावांना शोधते. ते दिसत नाहीत. माझी लाज वाटून आले नसतील, असं तिला वाटतं. ते स्पार्टाच्या मातीत केव्हाच विसावलेले असतात, आणि हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.