धुळ्यात एवढ्या पवनचक्क्या आणि सोलर प्रकल्प असताना भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात अजून कोळसा का जाळतात?

कारण मेगावॅट म्हणजे वीज नव्हे, ती फक्त क्षमता. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा सौर प्रकल्प १२५ मेगावॅटचा. पण रात्री त्याची वीज शून्य, आणि वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्यात दणकून फिरतात. एरवी बऱ्याचदा नुसत्या उभ्या दिसतात. उलट दीपनगरचे ५०० मेगावॅटचे दोन संच संध्याकाळी सातलाही चालतात, आणि घरोघरी दिवे, टीव्ही, कूलर तेव्हाच लागतात.

देशाचंही तेच. २०२५ मध्ये स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू) झाला, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. बातमीत पहिला आकडा येतो, दुसरा सहसा गाळला जातो! ही दरी भरायला बॅटरी, पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आणि वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्या लागतील. तिघांनाही वेळ आणि पैसा लागतो.

माझ्या मते आपल्याकडे खरा फायदा शेतीत आहे, कारण पाणी दिवसा देता येतं. २०१९ची केंद्राची कुसुम योजना (शेतकऱ्यांना सौरपंप) आणि राज्याची सौर कृषी वाहिनी योजना (शेतीला दिवसा सौर वीज) याच हिशेबावर उभ्या आहेत. रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायला रात्री दोनला, साप-बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ऐन पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी सौरपंप रडतो हे खरं, पण तेव्हा पाणी हवंय कुणाला?