नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या संत्राबागेतून किती पाणी वाफ होऊन जातं, हे उपग्रहावरून कळतं का?

कळतं. पण उपग्रह वाफ मोजत नाही, जमिनीचं तापमान टिपतो. मे महिन्यात काटोलकडे ओलिताच्या संत्राबागेत शिरलं की गारवा जाणवतो आणि बांधापलीकडच्या नांगरलेल्या काळ्या वावरात पाय भाजतात. नेमका हाच फरक लँडसॅट उपग्रहाला दिसतो. त्या तापमानावरून ऊर्जेचा हिशेब होतो: उन्हातून मिळालेल्या निव्वळ ऊर्जेतून जमीन आणि हवा तापवण्यात गेलेली वजा केली की उरते ती पाण्याची वाफ करणारी. हे झालं एका क्षणाचं. दिवसाचा हिशेब लावायला नागपूरचं तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन लागतं. लँडसॅट 8 आणि 9 मिळून 8 दिवसांनी चित्र देतात. मधले दिवस पेनमन-माँटिथ या हवामानावर आधारलेल्या सूत्राच्या संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनावरून (भरपूर पाणी मिळालेल्या गवतातून त्या दिवशी जाईल तेवढी वाफ) भरा. 1 मिमी म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा बागेतली ओलही तपासाच.