जुन्या मशीनच्या बोर्डावर ८०३१ (मायक्रोकंट्रोलर चिप) आहे, सोर्स कोड नाही. प्रोग्राम काढून बदलता येईल का?

येईल. ८०३१ आहे हे नशीबच, कारण तिच्या पोटात रॉम (प्रोग्राम साठवायची मेमरी) नसतोच. प्रोग्राम शेजारच्या ईप्रॉममध्ये (अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी मेमरी चिप, बहुधा २७सी६४ किंवा २७सी२५६) असतो. ती प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या उपकरणावर) दोन-तीनदा वाचा, फायली तंतोतंत जुळल्या पाहिजेत. चिपच्या खिडकीवरचं स्टिकर सोलू नका, प्रकाशाने कोड पुसला जाऊ शकतो.

मग फाइल घिड्रात (मशीन कोड उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) ८०५१ म्हणून उघडा, ८०३१ त्याच कुटुंबातली आहे. सुरुवात पत्ता ०००० वर, टायमर-० चा इंटरप्ट (टायमर भरला की चालणारा कोड) ०००बी वर. नुसती वेळ किंवा मर्यादा बदलायची असेल तर अख्खा कोड समजायची गरज नाही, तेवढा बाइट शोधा. चालू होताना चेकसम (कोड बदलला नाही ना हे तपासायची बेरीज) तपासला जात असेल तर तोही सुधारावा लागेल. बदल नव्या चिपवरच लिहा.

८०३१ ऐवजी ८९सी५१ (पोटातच कोड असलेली चिप) निघाली आणि लॉक बिट (कोड वाचू न देणारं कुलूप) लावलेले असले, तर अवघड: पुसल्यावर लॉक जातं, पण कोडही जातो.